खालच्या मजल्यावरचं हुशार पोर

मला जळायला फार मोठं कारण लागत नाही. शेजारणीच्या कुंडीत माझ्याआधी मोगरा फुलला तरी माझा दिवस खराब जातो. हा माझा स्वभाव आहे, मी तो लपवत नाही आणि लपवू म्हटलं तरी लपत नाही. तेव्हा माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला टेकली तरी तोंड उघडेना, आणि खालच्या मजल्यावर तिच्याहून लहान असलेला माझ्या जावेचा मुलगा आख्खी आरती न चुकता म्हणायला लागला, तेव्हा माझं काय झालं असेल हे सांगायला नको. तरी सांगते.

जळगावच्या पिंप्राळ्यात आमचं दोन मजली घर आहे. वर आम्ही, खाली धाकटे दीर, जाऊ आणि सासूबाई. जाऊ माझ्याहून बरीच लहान, दिसायला माझ्याहून उजवी, आणि तिचं पुरण कधी पातळ होत नाही. एवढ्यावर माझं जळणं आधीच भागत होतं. त्यात आमची मुलं एकाच वर्षी झाली. माझी आधी, तिचा मागून. माझी पहिली म्हणून जे कौतुक व्हायला हवं होतं, ते नीट सुरू होतंय तोवर त्याचं बारसं आलं.

दीड वर्षाचा असताना तो आकडे म्हणायला लागला. दोन वर्षांचा झाला तेव्हा शंभरापर्यंत, सरळ आणि उलटे. टीव्हीवरच्या जाहिराती त्यातल्या संगीतासकट म्हणायचा. फोन लागला नाही की जी बाई बोलते, तिचा आवाज तर तो इतका हुबेहूब काढायचा की माझे दीर खिशातला मोबाइल बाहेर काढून बघायचे. कोणी पाहुणा आला की जाऊ त्याला खुर्चीवर उभा करायची आणि म्हणायची, "म्हण रे बाळा." मग तो छताकडे बघत सुरू व्हायचा. पाहुणे चहा विसरायचे. सासूबाई एरंडोलकडच्या, त्यांच्या तोंडात अजून घरची अहिराणी आहे. त्या मांडीवर हात आपटून म्हणायच्या, "बठ्ठं येस त्याले. पोऱ्या भलता हुशार शे." म्हणजे सगळं येतं त्याला, पोर भलतं हुशार आहे.

आणि मग सगळ्यांची नजर वळायची माझ्या मुलीकडे. ती तेव्हा कोणाच्या तरी चपला कोणाच्या तरी पायाशी नेऊन ठेवत असायची. तिला चार शब्द येत होते, त्यातले दोन फक्त मला कळत. बाकी सगळा कारभार बोटावर. पाणी हवं, बोट. पंखा लावा, बोट. खिडकीबाहेर मांजर दिसली की माझी हनुवटी धरून तोंड तिकडे वळवायची आणि बोट. सासूबाई म्हणायच्या, "बोलीन, बोलीन. कोनी कोनी उशिरा बोलस." त्या समजूत घालायला बोलायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. समजूत घालावी लागते म्हणजे काहीतरी कमी आहे हे ठरलंच की.

मी जिवाचा आटापिटा केला. चित्रांचे तक्ते आणले, भिंतभर लावले. दिवसभर तिच्यासमोर बडबडत राहायची. कोणीतरी सांगितलं म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवलं. ती तक्त्यावरच्या हत्तीवर बोट ठेवायची, मग माझ्याकडे बघायची, मग हसायची. मी म्हणायची, "अगं हसतेस काय, म्हण ना, हत्ती." ती पुन्हा हसायची. त्याच वेळी खालून जिन्यातून त्याचा आवाज वर यायचा, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. एकदा मी जिन्याचं दार धाडकन लावून घेतलं होतं.

त्या पोरावर मी डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. त्याच्या आईलाही तो इतका पाठ नसेल. कौतुकानं बघणाऱ्यांना फक्त तो काय म्हणतो ते दिसायचं. मी काहीतरी खोट सापडतेय का ते बघत होते. आणि खोट मला सापडायचीही, पण मी तिचा अर्थ माझ्या मनासारखा लावायची. मी हाक मारली की तो वळायचा नाही. मी म्हणायची, शिष्ट आहे, आईवर गेलाय. मी खाऊ दिला तर खाऊ घ्यायचा, पण माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. म्हटलं, बघा, एवढ्याशा वयात काकू खिजगणतीत नाही. तहान लागली की तो मटक्यापाशी जाऊन नुसता रडायचा. एवढं बोलणारं पोर, आणि 'पाणी' म्हणायला काय होतं? लाडावून ठेवलंय, दुसरं काय. घरात इतर मुलं पकडापकडी खेळत असली की हा गाडी उलटी करून तिचं चाक फिरवत बसायचा. जाऊ म्हणायची, "इंजिनियर होणार." माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

शेवटी मी मुलीला दाखवायचं ठरवलं. जळगावात डॉक्टर कमी आहेत असं नाही, पण जळगावात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमच्या कॉलनीत चर्चा झाली असती. माझं माहेर धुळ्याचं. आईला बरं नाही असं सांगितलं, आईलाही तसं सांगून ठेवलं, आणि मुलीला घेऊन एसटीत बसले. धुळ्यात माझ्या वहिनीनं मुलांच्या वाढीचं बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावून ठेवला होता.

मला वाटलं होतं त्या मुलीला बोलायला लावतील आणि माझी लाज निघेल. त्यांनी आधी तिचे कान तपासायला पाठवलं. कान ठीक निघाले. मग त्या जमिनीवर बसून तिच्याशी खेळल्या आणि खेळता खेळता मला विचारत गेल्या. हाक मारली की बघते का? बघते. काही हवं असलं की तुमच्याकडे येऊन मागते का, बोटानं का होईना? सारखी. नुसतं दाखवायला म्हणून, काही नको असताना, बोट करते का, हे बघ म्हणून? मी म्हटलं, मॅडम, मांजरीपायी माझी मान आखडलीय. दुसऱ्या मुलांत जाते का? खोटं खोटं जेवण वाढते का बाहुलीला? मला वाढते, आणि मी खाल्लं नाही तर रागावते.

पहिल्या दोन उत्तरांना माझा जीव भांड्यात पडत होता. तिसऱ्याला मात्र मला काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. प्रत्येक प्रश्नाला मी 'हो' म्हणत होते माझ्या मुलीसाठी, आणि डोळ्यांसमोर येत होता खालच्या मजल्यावरचा. हाक मारली की बघतो का? नाही. मागतो का? नाही. दाखवतो का? तो आजवर कोणाला काही दाखवायला आल्याचं मला आठवेना. आणि माझ्याइतकं त्याला कोणी बघितलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हिला समजतंय सगळं, सांगायची धडपडही आहे, बोलणं उशिरा येतंय. काय करायचं ते त्या शिकवतील, आणि दर काही आठवड्यांनी आणून दाखवा. मग मी विचारलं, "आणि एखादं मूल खूप बोलत असेल, सगळं पाठ म्हणत असेल, पण यातलं काहीच करत नसेल तर?"

त्यांनी हातातलं खेळणं खाली ठेवलं. म्हणाल्या, "न बघितलेल्या मुलाबद्दल मी काही सांगणार नाही. पण त्याला घेऊन या. लवकर या. या वयात जितकं लवकर सुरू होईल तितकं त्याला सोपं जातं."

परत येताना एसटीत काय वाटलं ते स्पष्टच सांगते. पारोळ्यापर्यंत मी खुशीत होते. माझी ठीक आणि तिचा नाही, असं मनात म्हणून बघितलं, आणि ते गोड लागलं. पारोळ्याच्या स्टँडवर एक बाई मुलाला कडेवर घेऊन चढली. ते मूल सगळ्या बसला टाटा करत होतं. आमच्या खालच्या मजल्यावरचा कधी कोणाला टाटा करत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याचा हात धरून जाऊ हलवायची आणि आम्ही सगळे त्याला टाटा म्हणायचो. तिथून पुढे मला काही गोड लागलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्याला शंभर आकडे उलटे येतात. तुला येतात का?" मग वर म्हणाला, "तू जळतेस, म्हणून तुला असं दिसतं." मी म्हटलं, जळते म्हणूनच दिसतं, तुम्ही कोणी बघताय कुठे. पण हे वाक्य नवऱ्यासमोरच टिकलं नाही, तर जावेसमोर काय टिकणार.

तरी मी तिला गच्चीवर कपडे वाळत घालताना गाठलं. जितकं जमेल तितकं गोड बोलले. माझ्या मुलीलाही दाखवलं, काही कमीपणा नाही त्यात, एकदा याला पण नेऊ या, असं. तिनं ओली चादर हातात तशीच धरून ठेवली. म्हणाली, "ताई, तुमची बोलत नाही तर माझ्याही मुलात काहीतरी निघायला पाहिजे, हो ना?" मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, "तो पोटात होता तेव्हापासून तुमचं पोट दुखतंय. मला कळत नाही असं वाटतं का?" तिचं खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. ते पोर दिवसेंदिवस मोठं होत होतं, डॉक्टरीणबाईंचं 'लवकर या' माझ्या कानात वाजत होतं, आणि हे घरात जिला दिसलं तिच्यावर, म्हणजे माझ्यावर, कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, आणि तिनं तशी तजवीज स्वतःच वर्षभर करून ठेवली होती.

त्या दिवसापासून खालून मिरच्यांचा ठसका वर यायला लागला. सासूबाई तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. कोणाची दृष्ट ते कोणी बोलत नव्हतं. मी जिन्यात असले की जाऊ त्याला उचलून आत न्यायची. माझी मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून खाली बोट दाखवत राहायची, आणि मी तिला ओढून वर न्यायची.

मग गुलाबाई आल्या. आमच्याकडे भादव्यातल्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघरी गुलाबाईची, म्हणजे पार्वतीची, मातीची मूर्ती बसवतात, रोज संध्याकाळी एकेका अंगणात जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा हातात मिळत नाही. यजमानीण बंद डबा घेऊन येते, मुलींच्या कानाशी खुळखुळवते, आणि आत काय आहे ते ओळखावं लागतं. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. लहान असताना मी वासावरून ओळखायची आणि सगळ्या माझ्यावर जळायच्या. तेवढंच एक माझ्या वाट्याला आलेलं.

त्या संध्याकाळी गुलाबाई आमच्याच अंगणात होत्या, म्हणजे जावेच्या. मला बोलावलं नव्हतं, पण स्वतःच्या घराच्या अंगणात यायला मला आमंत्रण लागत नाही. मुलीला घेऊन मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. गाणी झाली. मुलींच्या घोळक्यात जावेचा मुलगा उभा, एकूण एक गाणं त्याला पाठ, मोठ्या मुली कडवं विसरल्या तर हा पुढे नेत होता. बायका कौतुकानं कानशिलांवर बोटं मोडत होत्या. जाऊ डबा घेऊन आली. तिचे पाय जमिनीवर नव्हते. पहिला मान आपल्या मुलाला, म्हणून ती त्याच्यासमोर बसली, डबा त्याच्या कानाशी हलवला आणि म्हणाली, "ओळख पाहू बाळा, काय आहे?"

तो म्हणाला, "ओळख पाहू बाळा, काय आहे?"

बायका खदखदून हसल्या. किती गोड, म्हणे. जाऊही हसली. पुन्हा हलवून म्हणाली, "सांग ना, काय आहे आत?" त्यानं तिचंच वाक्य, तिच्याच सुरात, तिच्यासारखंच 'ना' लांबवून परत दिलं. ती तिसऱ्यांदा विचारताना जरा रागावली, तर त्यानं तो रागही परत दिला. या खेपेला बायका थोड्या कमी हसल्या. मग जावेनंच नियम मोडून झाकण उघडलं आणि डबा त्याच्यापुढे धरला. त्यानं आत बघितलंच नाही. झाकण घेतलं, फरशीवर उभं करून फिरवलं, आणि गाल फरशीला टेकवून त्याच्या फिरण्याकडे बघत बसला. आत साखरफुटाणे होते, त्याला आवडणारे.

जावेनं घाईनं डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चला, बाकीच्यांनी ओळखा." आत काय आहे ते घोळक्यातल्या एकदोघींनी चोरून बघितलंच असणार. माझी मुलगी पायरीवर होती, तिला दिसलं नव्हतं. पण खुळखुळाट तिनं ऐकला होता. ती उठली, माझा पदर धरला आणि मला ओढत जावेच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे देव्हाऱ्याच्या बाजूला फळीवर साखरफुटाण्यांची बरणी. मुलीनं बरणीकडे बोट केलं. माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे, अंगणातल्या डब्याकडे बोट केलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. आणि हसली, शर्यत जिंकल्यासारखी.

मी वळले तर दारात जाऊ. डबा हातात, झाकण नाही. वाट्या घ्यायला आली असावी. तिनं सगळं बघितलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मुलीच्या बोटाकडे बघत होती. ती नजर मला अनोळखी नव्हती. वर्षभर तीच घेऊन मी तिच्या दारावरून येत-जात होते.

मी मुलीला उचललं आणि जिना चढले. बोलण्यासारखं गच्चीवर बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दीर दुकानात गेल्यावर, ती वर आली. माझ्या घरात ती सहसा बसत नाही, उभ्यानंच बोलते. त्या दिवशी बसली. म्हणाली, "काल रात्री मी त्याला सगळ्या परीनं विचारून बघितलं. पाणी कुठे आहे? पप्पा कुठे? मी कोण?" आणि म्हणाली, "तुमची बोलत नाही तरी तुमच्याशी बोलते, ताई. माझा एवढं बोलतो, पण माझ्याशी नाही." मग रडली नाही, चिडली. "काल मला तुमच्या पोरीचा इतका राग आला म्हणून सांगू. एवढीशी ती, आणि तिला सगळं येतं." मी म्हटलं, "मला माहितीय कसं होतं ते." ती म्हणाली, "धुळ्याला कधी जायचं?"

सासूबाईंना आम्ही सांगितलं की माझ्या आईला पुन्हा बरं नाही. माझी आई त्या वर्षात फार आजारी पडली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बराच वेळ, दोनदा-तीनदा बोलावून बघितलं, मग स्वमग्नता हा शब्द सांगितला. जावेनं तो शब्द परतीच्या प्रवासात एकदाही उच्चारला नाही. पण त्यांनी सांगितलेलं सगळं ती करायला लागली, आणि पुरणासारखंच, माझ्याहून नीट करायला लागली. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बोलायची. पाण्याचा पेला उंच धरून तो मागेल याची वाट बघायची. खुर्चीवर उभं करणं बंद झालं. पाहुणे म्हणायचे, म्हणायला लावा ना, तर ती म्हणायची, आता तो आकडे म्हणत नाही. तो म्हणायचाच, पण ते आता घरातलं झालं होतं.

आणि नेमकी त्याच दिवसांत माझी मुलगी बोलायला लागली. लागली ती थांबेचना. मी तिला जिन्यात गप्प करायची, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. जाऊ एकदा जिन्याखालून म्हणाली, "बोलू द्या हो, मी कान बंद करते." पण नुसत्या बोटावर तिचा जो कारभार होता तो सुटला नव्हता. खाली जाऊन ती त्याच्याजवळ बसायची, हे बघ, ते बघ, पाल बघ, घंटागाडी बघ. तो बघायचा नाही. तिला काही फरक पडायचा नाही. माझ्यासारखीच आहे, नाद सोडत नाही.

आम्ही दोघी वाट बघत होतो ती एकाच गोष्टीची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तो स्वतःहून काहीतरी दाखवेल, आणि दाखवून तुमच्याकडे बघेल, तेव्हा मला कळवा. जाऊ रोज वाट बघायची. आणि खोटं कशाला बोलू, मीही बघायची. मनात असं की त्यानं ते माझ्यासमोर करावं. खोट पहिली मला दिसली, तर हेही पहिलं मलाच दिसायला हवं. जाऊ माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघायची, तिलाही ते कळत असणार.

असंच एकदा आम्ही धुळ्याहून परत येत होतो. तीन माणसांच्या सीटवर दोन्ही कडांना आम्ही दोघी, मध्ये मुलं दाटीवाटीनं. तो जावेच्या मांडीवर अर्धा चढून खिडकीला टेकलेला, माझी मुलगी माझ्या पिशवीत डोकं घालून बिस्किटं शोधत होती. पारोळा मागे पडला होता. रस्त्याकडेनं मेंढरांचा तांडा चालला होता आणि मागे एक उंट, पाठीवर बाजलं बांधलेला.

त्याचा हात आधी आख्खाच वर आला. मग त्यातून एक बोट वेगळं झालं, वाकडं, काचेला टेकलेलं. आम्ही दोघी वाकलो, तोंडं त्याच्यासमोर आणली, आता बघेल, आता बघेल.

तो आमच्या मधून पलीकडे वळला. माझ्या मुलीचा फ्रॉक धरून ओढला, बोट काचेवर तसंच ठेवून तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि ती बघेपर्यंत बघत राहिला.

तिनं पिशवीतून डोकं काढलं. "उंट," म्हणाली. "मी दाखवला होता ना तुला त्या दिवशी." आणि परत बिस्किटं शोधायला लागली.

जाऊ डोळे पुसत होती. हळूच म्हणाली, "ताई, त्यानं माझ्याकडे नाही बघितलं."

मी म्हटलं, "माझ्याकडेही नाही."

मग एरंडोल येईपर्यंत आम्ही दोघी मिळून त्या पोरीवर जळत बसलो.